परसात पडलेल्या झाडाच्या फळ्या: ओंडका चिरण्याआधीचे निर्णय आणि चिरल्यानंतरची वाळवणूक

तुम्ही लिहिले आहे की परसातील मोठे झाड तीन आठवड्यांपूर्वी वादळात मुळासकट आडवे झाले असून बुंध्याचा अडीच मीटर लांबीचा सरळ भाग हाताशी आहे. त्याचा घेर सुमारे 160 सेंटिमीटर आहे आणि त्यातून घरात जेवणाचे टेबल व बाहेर ठेवायला एक बाक करण्याची तुमची इच्छा आहे. ओंडका वर्षभर तसाच वाळू देऊन मग चिरावा की आताच चिरावा, आणि हे काम चेनसॉने घरच्या घरी होईल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर असे की ओंडका आताच, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर चिरावा. दुसऱ्याचे उत्तर असे की चेनसॉने काम होते, पण त्यात लाकूड बरेच वाया जाते आणि कष्टही पुष्कळ पडतात. मात्र या दोन्ही प्रश्नांच्या मागे एक तिसरा प्रश्न आहे आणि खरी अडचण तिथे आहे: चिरलेल्या फळ्या पुढचे वर्ष-दीड वर्ष कुठे आणि कशा ठेवणार? मी आजवर पाहिलेल्या परसातल्या ओंडक्यांपैकी जे वाया गेले, त्यांतले बहुतेक चिरताना बिघडले नव्हते. चिरणे नीट झाले होते, वाळवण्याकडे मात्र दुर्लक्ष झाले होते.

झाड कोणते आहे हे तुम्ही लिहिलेले नाही आणि उत्तराचा बराच भाग त्यावर अवलंबून आहे. सागासारखे लाकूड आकसते कमी आणि त्याच्या गाभ्याला कीड व बुरशी सहसा लागत नाही, त्यामुळे ते बऱ्याच चुका पोटात घालते. आंब्याचे लाकूड दिसायला सुंदर असते, पण ते ओले असताना त्यावर फार लवकर डाग पडतात आणि कीड शिरते, म्हणून तिथे आठवड्या-आठवड्याचा हिशेब ठेवावा लागतो. नारळासारख्या झाडाचा विचारच वेगळा करावा लागतो, कारण त्याच्या खोडात वलये नसतात, बाहेरचा भाग कठीण असतो आणि मधला इतका मऊ असतो की फर्निचरच्या कामाला तो येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बुंधा आतून कसा आहे. वादळात मुळासकट उन्मळलेल्या झाडाचे बूड अनेकदा आधीपासून कुजलेले असते, तेव्हा कापलेल्या टोकाला हातोडीने ठोकून पाहा: भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळ किंवा कुजलेल्या लाकडाचा बसका येतो. सालीवरील रेषा बुंध्याभोवती पिळासारख्या फिरत गेलेल्या असतील तर आतले तंतूही तसेच फिरलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि तशी फळी वाळताना हमखास पिळवटते. असा ओंडका असेल तर टेबलाचा नाद सोडून लहान वस्तूंकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फांद्यांविषयीही इथेच सांगतो. जाड फांद्यांच्या फळ्या करण्याचा मोह होतो, परंतु आडव्या वाढलेल्या फांदीत आणि कललेल्या खोडात झाडाने स्वतःला तोलण्यासाठी वेगळ्या प्रकारचे लाकूड तयार केलेले असते. रुंदपर्णी झाडांत ते फांदीच्या वरच्या बाजूला आणि सूचिपर्णी झाडांत खालच्या बाजूला असते. चिरताना ते करवतीला आवळून धरते, रंधा मारताना त्याचे तंतू पिंजल्यासारखे उभे राहतात आणि वाळताना फळी धनुष्यासारखी वाकते. फांद्यांपासून खुंट्या, मुठी, वाडगे करावेत, फळ्या करू नयेत.

आता ओंडका अख्खा का वाळवू नये ते पाहू. ओल्या लाकडातील पाणी दोन प्रकारचे असते: पेशींच्या पोकळीत भरलेले मोकळे पाणी आणि पेशींच्या भिंतींत मुरलेले बांधील पाणी. मोकळे पाणी निघून जाताना लाकूड आकसत नाही. ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्क्यांखाली उतरला की भिंतींतील पाणी निघू लागते आणि तिथून आकसणे सुरू होते. अडचण अशी की लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही, मध्यापासून सालीकडे काही टक्के आकसते आणि वलयांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट आकसते. समजा तुमच्या ओंडक्याचा व्यास 50 सेंटिमीटर आहे, वलयांच्या दिशेने तो 8 टक्के आणि मध्यापासून सालीकडे 4 टक्के आकसणार आहे. मूळ परीघ 157 सेंटिमीटर. तो 8 टक्क्यांनी घटून 144 वर यायला पाहतो, पण त्रिज्या 4 टक्केच घटल्यामुळे वर्तुळ पुरे व्हायला जवळपास 151 सेंटिमीटर लांबी हवी असते. ही सहा-साडेसहा सेंटिमीटरची तूट कुठून तरी निघालीच पाहिजे, आणि ती सालीपासून मध्यापर्यंत जाणाऱ्या पाचरीच्या आकाराच्या भेगेतून निघते. अख्ख्या ओंडक्याला किंवा त्याच्या गोल चकतीला तडा जाणे म्हणूनच जवळपास अटळ असते. कोणतेही तेल किंवा लेप लावला तरी त्यामागची भूमिती बदलत नाही. ओंडका मध्यातून चिरून मोकळा केला की प्रत्येक तुकडा आपापल्या परीने आकसू शकतो आणि हा ताण सुटतो.

म्हणून आजच करण्याचे काम म्हणजे ओंडक्याच्या दोन्ही टोकांना लेप देणे. लाकडातील पाणी बाजूंपेक्षा कापलेल्या टोकांतून दहा ते पंधरा पट वेगाने बाहेर पडते, त्यामुळे टोके आधी आकसतात आणि तिथून चिरा आत धावतात. झाड पडून तीन आठवडे झाले आहेत, म्हणजे टोकांवर केसासारख्या बारीक चिरा पडल्या असतील. तो भाग चकती काढून टाका आणि ताज्या कापावर लगेच वितळवलेले मेण, मेणाचे तयार द्रावण किंवा ते नसेल तर जाड ऑइलपेंटचे दोन-तीन हात द्या. त्यानंतर ओंडका जमिनीला टेकू न देता दोन ठोकळ्यांवर सावलीत ठेवा. टेबलाची लांबी ठरवताना दोन्ही टोकांकडील दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे कापून टाकावे लागतील असे धरूनच चाला.

झाड अजून मुळांच्या गड्ड्याला जोडलेले असेल तर बुंधा वेगळा करण्याचे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. उन्मळून पडलेले झाड निपचित दिसते, परंतु वाकलेल्या फांद्यांत आणि मुळांत प्रचंड ताण साठलेला असतो. बुंधा कापताच मातीसकट मुळांचा गड्डा झटक्यात पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो आणि त्याच्या आसपास असलेल्या माणसाला सुटकेची संधी मिळत नाही. त्या खड्ड्यात लहान मुलांना कधीही उतरू देऊ नका. ताज्या लाकडाचे वजनही लक्षात घ्या. तुमच्या ओंडक्याचे खरे घनफळ अर्धा घनमीटर भरते, तेव्हा जड जातीचे झाड असेल तर ते अर्धा टन किंवा अधिक वजनाचे धूड आहे. लाकूड व्यवहारात घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. त्या रीतीने तुमच्या ओंडक्याचे घनफळ 0.4 घनमीटर येते, म्हणजे खऱ्या घनफळाच्या सुमारे 78 टक्के, कारण साल आणि कडांची घट त्यात आधीच गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात चांगल्या फळ्या त्याहूनही कमी, एकूण लाकडाच्या निम्म्याच्या आसपास मिळतील असे समजून आखणी करा. पडलेल्या झाडाचे लाकूड कापायला किंवा वाहून न्यायला परवानगी लागते का, हेही यंत्र बोलावण्याआधी विचारून घ्यावे.

परसातील झाडांना लाकूड चिरणारे गिरणीवाले सहसा हात लावत नाहीत. त्याचे कारण लोखंड. कपडे वाळत घालण्याच्या दोरीचे आकडे, कुंपणाची तार, पाटी ठोकलेले खिळे हे सारे झाड वर्षानुवर्षे गिळत जाते आणि बाहेरून त्याची खूण राहत नाही. जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतचा भाग सर्वांत धोक्याचा असतो. धातुशोधक यंत्र सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा. टोकाच्या कापावर शाई सांडल्यासारखा निळसर काळा ओघळ दिसला, तर लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगाने झालेला तो डाग असतो आणि त्या रेषेत पुढे कुठेतरी खिळा असतो. तो छिन्नीने कोरून काढण्यात अर्धा तास गेला तरी चालेल, कारण फिरत्या पात्याला लागलेला खिळा पाते तर घालवतोच, पण माणसालाही जखमी करू शकतो.

यंत्राच्या निवडीबाबत माझा कल स्पष्ट आहे. ओंडक्यापर्यंत नेता येणारी बँडसॉ मिल, म्हणजे पातळ पट्टीसारख्या फिरत्या पात्याने चिरणारे यंत्र, भाड्याने मिळत असेल आणि परसात शिरत असेल तर तीच घ्या. बँडसॉच्या एका कापात दोन-तीन मिलिमीटर लाकूड जाते, चेनसॉच्या कापात आठ ते दहा मिलिमीटर जाते. आठ काप घेतले तर एका बाजूला दोन सेंटिमीटर लाकडाचा भुसा होतो आणि दुसऱ्या बाजूला सात सेंटिमीटरांहून अधिक, म्हणजे टेबलाच्या जवळजवळ दोन फळ्या भुशात जातात. तरीही यंत्र आत येण्याची वाट नसेल किंवा ओंडका फार रुंद असेल तर चेनसॉला मार्गदर्शक चौकट जोडून चिरणे हा चांगला मार्ग आहे. त्यासाठी इंजिन 70 घनसेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठे हवे, साखळी ज्याच्याभोवती फिरते तो लोखंडी पट्टा ओंडक्याच्या रुंदीपेक्षा लांब हवा आणि साखळीचे दात उभ्या चिरण्यासाठी घासलेले हवेत. आडव्या कापाच्या साखळीचे दात सुमारे 30 अंशांवर घासतात, तर चिरण्याच्या साखळीचे सुमारे 10 अंशांवर, कारण इथे दात तंतूंच्या टोकांशी झुंजतात. पहिला काप सर्वांत महत्त्वाचा असतो. ओंडक्याच्या पाठीवर सरळ फळी किंवा शिडी समतल बसवून, तिच्यावरून चौकट सरकवत तो घ्यावा, कारण पुढचा प्रत्येक काप त्याच पृष्ठावर टेकून जातो आणि पहिल्यातला वाकडेपणा शेवटच्या फळीपर्यंत पोहोचतो. काप पुढे जाईल तशा मागे लहान पाचरी ठोकत जा, म्हणजे वरची फळी साखळीवर बसणार नाही. कानांचे, डोळ्यांचे आणि पायांचे संरक्षण तसेच भुशासाठी मुखपट्टी यांशिवाय हे काम सुरू करू नये.

कुठून चिरायचे याचा निर्णय खोडाचा मध्यबिंदू पाहून घ्यायचा असतो. ज्या फळीत हा मध्य येतो ती फळी त्या रेषेत फाटते, हे धरूनच चाला. म्हणून ओंडका वरून खाली सरळ थरांनी चिरताना मध्याच्या दोन्ही बाजूंनी काप घेऊन मधली फळी वेगळी काढा आणि तिच्यातील मध्याची पाच-सात सेंटिमीटरची पट्टी उभी चिरून टाका. उरलेल्या दोन अरुंद फळ्यांत वलये जाडीच्या दिशेने जवळजवळ उभी येतात. त्या सर्वांत कमी वाकतात आणि टेबलाच्या चौकटीला उत्तम ठरतात. मध्यापासून दूरच्या फळ्यांत वलये आडवी, कमानदार दिसतात. त्यांची नक्षी देखणी असते, पण त्या वाळताना सालीकडच्या अंगाने पन्हाळीसारख्या खोलगट होतात, म्हणून त्यांना जाडीत जास्त वाव ठेवावा लागतो.

त्या वावाचा हिशेब असा: टेबलाची तयार फळी 32 मिलिमीटर हवी असेल तर ओली फळी 40 मिलिमीटर काढा. आकसण्यात दोन-तीन मिलिमीटर जातील आणि वाकडेपणा काढून दोन्ही बाजू रंध्याने सपाट करण्यात उरलेले जातील. पायांसाठी 75 मिलिमीटरचे चौकोनी खांब काढण्याचा विचार कराल, पण मी तो टाळतो, कारण इतके जाड लाकूड वाळायला फार काळ लागतो आणि वरून कोरडे दिसले तरी आत ओले राहते. त्याऐवजी 40 मिलिमीटरच्याच फळ्या काढाव्यात आणि वाळल्यावर दोन-दोन एकत्र चिकटवून पाय करावेत. सगळी फळी एकाच जाडीची निघाली तर थप्पीही नीट बसते. बाकासाठी मात्र एक-दोन जाड तुकडे काढायला हरकत नाही, कारण बाहेर राहणाऱ्या वस्तूला चिरा शोभून जातात.

चिरून झाल्यावर त्याच दिवशी थप्पी लागली पाहिजे. ओल्या फळ्या एकमेकींवर चिकटून रात्रभर जरी पडल्या तरी उष्ण हवेत त्यांच्यामध्ये बुरशीचे निळसर डाग धरू लागतात आणि ते रंध्याने निघत नाहीत, कारण ते आतपर्यंत उतरलेले असतात. जागा सावलीची आणि वारा खेळता असेल अशी निवडा. जमिनीपासून किमान 30 ते 45 सेंटिमीटर उंच, समतल बैठक तयार करा. बैठक जर वाकडी असेल तर फळ्या तोच वाकडेपणा घेऊन वाळतात आणि मग तो कायमचा होतो. प्रत्येक थरामध्ये 20 ते 25 मिलिमीटर जाडीच्या, पूर्ण कोरड्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या ठेवा. ओल्या पट्ट्या ठेवल्या तर फळीवर त्यांचे काळे पट्टे उमटतात. दोन पट्ट्यांमधले अंतर 40 ते 50 सेंटिमीटर असावे, एक पट्टी अगदी टोकाशी असावी आणि सर्व थरांतील पट्ट्या एकमेकींच्या नेमक्या वर, एका उभ्या रेषेत याव्यात, म्हणजे वरचा भार सरळ बैठकीपर्यंत उतरतो. सर्वांत वर दगड किंवा सिमेंटचे ठोकळे ठेवून वजन द्या. वर पत्र्याचे छप्पर हवे, परंतु बाजू उघड्या हव्यात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली थप्पी आतल्या आत घाम धरते आणि सडते. उलट टोकाला, कडक ऊन व जोरदार वारा थेट लागला तर बाहेरचा थर आधी वाळून ताणला जातो, आतला ओलाच राहतो आणि फळीच्या पृष्ठावर चिरा पडतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावणे म्हणूनच उपयोगी पडते.

कीड हा विषय अनेक जण तिची भोके दिसल्यावर उघडतात, तोवर उशीर झालेला असतो. सालीलगतच्या फिकट, पांढऱ्या लाकडात पिष्ट असते आणि लाकडाची पूड करणारा बारीक भुंगेरा त्यावरच जगतो. एक ते दोन मिलिमीटरची गोल भोके आणि खालच्या पट्टीवर साचलेली, बोटांत चोळली तर मैद्यासारखी लागणारी पांढरी पूड ही त्याची खूण. यावर दोन उपाय मी नेहमी करतो. पहिला म्हणजे फळीच्या कडेची साल पूर्ण काढणे. नैसर्गिक कड ठेवायची असली तरी साल काढाच, कारण तिच्याआड अळ्या निवांत राहतात आणि वाळल्यावर ती तशीही सुटून येते. दुसरा म्हणजे चिरल्या दिवशीच फळ्यांवर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे द्रावण मारणे. लाकूड ओले असेपर्यंत हे क्षार पाण्याबरोबर आत मुरत जातात. वाळलेल्या फळीवर मारले तर ते वरच राहतात. पावसात ते धुऊन जातात, तेव्हा बाहेरच्या बाकाचे संरक्षण त्यांच्यावर सोपवू नये. कीड लागल्याची शंका असलेली फळी घरात आणायची असेल तर वाळवणीच्या भट्टीतील उष्णता हा खात्रीचा मार्ग आहे. लाकडी पॅकिंगसाठीच्या आयएसपीएम 15 या आंतरराष्ट्रीय मानकात लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे राखण्याची अट आहे, ती याच कारणासाठी.

वाळायला किती काळ लागतो, याचे एकच उत्तर देता येत नाही. दर 25 मिलिमीटर जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. उष्ण, कोरड्या हवेत तो खूपच कमी होतो आणि दमट हवेत लांबतो. म्हणून दिनदर्शिकेपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा. थप्पीतून सहज निघेल अशी एक फळी निवडा आणि दर पंधरवड्याला तिचे वजन करून तारखेसह तिच्याच टोकावर पेन्सिलीने लिहा. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरते, मग उतार मंदावतो, आणि सलग काही नोंदी सारख्या येऊ लागल्या की बाहेरच्या हवेत ती जितकी वाळायची तितकी वाळली असे समजावे. नेमका आकडा हवा असल्यास फळीच्या टोकापासून दूरचा लहान तुकडा कापून लगेच तोला, 103 अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, आणि ओल्या व कोरड्या वजनातील फरकाला कोरड्या वजनाने भागून शंभरने गुणा. सुयांचे ओलावामापक यंत्रही चालते, फक्त सुया ताज्या कापलेल्या टोकात, जाडीच्या मध्यावर टोचाव्यात, नाहीतर ते कोरड्या पृष्ठाचाच आकडा दाखवते.

उघड्यावर वाळलेले लाकूड हवेतील आर्द्रतेशी जुळवून घेते. सरासरी आर्द्रता 65 टक्के असेल तर लाकडाचा ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, 80 टक्के असेल तर 16 च्या आसपास. घरातील हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी असेल तर तिथे तो आणखी उतरतो. म्हणून टेबलाच्या फळ्या काम सुरू करण्यापूर्वी, त्याच पट्ट्या मध्ये ठेवून, ज्या घरात टेबल राहणार तिथे काही आठवडे ठेवाव्यात. सुताराकडे ओल्या-सुक्या फळ्या थेट थप्पीतून नेल्या तर सांधे तो कितीही कुशलतेने बसवो, पहिल्या कोरड्या ऋतूत ते उघडतात.

टेबल जोडताना लाकडाचे हलणे मान्य करूनच बांधणी करा. आडव्या वलयांच्या फळ्यांचा 90 सेंटिमीटर रुंद पृष्ठभाग ओलाव्यातील चार टक्क्यांच्या बदलाने सुमारे एक सेंटिमीटर रुंदावतो किंवा आकसतो. तो चौकटीला स्क्रूने घट्ट आवळला किंवा डिंकाने चिकटवला तर एकतर पृष्ठभाग फाटेल किंवा चौकट उचकटेल. स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा, किंवा चौकटीच्या आतल्या खाचेत सरकणाऱ्या लाकडी गुटक्यांनी पृष्ठभाग धरा. पॉलिशने हे हलणे मंदावते, पण थांबत नाही. पॉलिश द्यायचे तेव्हा वर आणि खाली दोन्ही बाजूंना सारखेच द्या, नाहीतर एका अंगाने ओलावा जास्त घेऊन पृष्ठभाग वाकतो.

बाकाच्या बाबतीत वाट पाहण्याची इतकी गरज नाही. अर्धवट वाळलेल्या जाड तुकड्यांतूनही तो करता येतो, फक्त त्यात गाभ्याकडचे गडद लाकूड वापरा, कारण सालीकडचे पांढरे लाकूड कोणत्याही झाडाचे असले तरी उन्हापावसात टिकत नाही. पाय थेट मातीत रोवू नका, दगडावर किंवा फरशीवर टेकवा. बसण्याच्या फळीच्या सालीकडची बाजू खाली ठेवा, म्हणजे आकसताना ती वरून किंचित फुगीर होईल आणि पाणी साचण्याऐवजी निथळून जाईल.